वहीत न चढलेलं लग्न

"लग्न कधी झालं?" खिडकीमागच्या बाईने विचारलं.

"सव्वीस साली," झुझाना म्हणाली. "बटाटे काढून झाल्यावर."

खिडकीमागची बाई तिशीचीही नव्हती. तिने समोरचा दाखला फिरवून झुझानाच्या बाजूला केला आणि तारखेवर पेन्सिल टेकवली. "इथे अठ्ठेचाळीस आहे. जून महिना."

"ते खोलीसाठी केलं होतं."

"खोलीसाठी?"

"लढाईनंतर नवरा-बायकोचा कागद दाखवल्याशिवाय दोघांना एक खोली देत नव्हते. म्हणून परत केलं. खरं आधीच झालेलं. आमची मुलगी बत्तीस वर्षांची आहे, बाई. अठ्ठेचाळीसला लग्न झालं असेल तर ती काय आभाळातून पडली?"

"मुली लग्नावाचूनही होतात, मावशी," बाई म्हणाली. टोचून बोलली नाही. नुसतं सांगितलं.

रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसलं. आन्सास टोपी हातात धरून बायकोच्या शेजारी उभा होता. तो खिडकीच्या चौकटीकडे बघत राहिला.

एकोणसाठ साल होतं. क्लायपेदा बंदरातले उरलेसुरले जुने लोक त्या वर्षी परवाना-कचेरीच्या याच खिडकीपुढे उभे राहत होते. दोन सरकारांत करार झाला होता. एक्केचाळीस साली लढाई रशियात शिरली त्याच्या आधी ज्यांची नोंद जर्मन नागरिक म्हणून होती, त्यांनी अर्ज करावा, त्यांना पश्चिम जर्मनीत जाऊ देऊ. आन्सासकडे पुरावा होता. तो बंदराचा वाटाड्या होता, बाहेर येऊन थांबलेलं जहाज पुळणीच्या कडेकडेने आत आणणारा. त्याच्या नोकरीच्या पुस्तकावर एकोणचाळीस सालचा जर्मन गरुडाचा शिक्का होता. ते पुस्तक त्याने लढाईनंतर तेरा वर्षं छपराच्या वाशात दडवून ठेवलं होतं. झुझानाकडे असलं काही नव्हतं. ती आन्सासची बायको, एवढाच तिचा आधार, आणि त्या आधाराची तारीख सात वर्षं उशिराची निघाली.

त्यांची मुलगी ग्रेते तिकडेच, ल्युबेकला होती. तिला पाहून पंधरा वर्षं झाली होती. तिला दोन मुलं होती, आणि त्यांतल्या मोठ्याचं नाव आजोबांवरून ठेवलं होतं, हे त्यांना पत्रातून कळलं होतं. झुझानाला तिकडे जायचं होतं. तिला दुसरं काही नको होतं.

बाईने दाखला परत दिला. "देवळातलं लग्न असेल तर देवळाच्या वहीचा उतारा आणा. नाहीतर कठीण आहे."

*

गोष्ट तशी साधी होती, पण ती समजायला बंदरातच जन्म घ्यायला हवा.

आन्सास जन्मला तेव्हा बंदर कैसरचं होतं. झुझाना जन्मली तेव्हा तिचं गाव झारचं होतं. दोन्हींच्या मधे पायी तीन तासांची वाट आणि एक फाटक. मग कैसर गेला आणि झारही गेला. फ्रेंच शिपाई आले, तीन वर्षं धक्क्यावर बसून लांबलचक पाव खात राहिले. तेवीस साली लिथुआनियाने बंदर घेतलं आणि फाटक उघडलं. फाटक उघडलं म्हणून झुझाना लोणी विकायला बंदरात येऊ लागली, आणि लोणी विकायला आली म्हणून तिला आन्सास भेटला.

फाटक उघडलं तरी कायदे दोन राहिले होते. तिच्या बाजूला लग्न म्हणजे देऊळ. पाद्र्याने वहीत लिहिलं की झालं, सरकारची निराळी वही नव्हतीच. बंदराच्या बाजूला जुना जर्मन कायदा तसाच चालू होता. देवळात शंभरदा लग्न लावा, नगरकचेरीच्या वहीत नाव चढलं नाही तर तुम्ही नवरा-बायको नव्हे.

त्यांचं लग्न तिच्या गावच्या देवळात लागलं. नगरकचेरीत नंतर जायचं ठरलं. एकदा दोघं निघालेही होते. झुझानाने बहिणीचे बूट घातले होते, ते पुढे घट्ट आणि मागे सैल. पुलावर तिला थांबवून आन्सास वाटाड्यांच्या चौकीत डोकावून आला आणि म्हणाला, "बाहेर जहाज उभं आहे. मला जायला हवं. पुढच्या आठवड्यात करू." ती पाय आखडत घरी गेली. पुढच्या आठवड्यात काहीतरी निघालं. मग ग्रेते झाली. सुइणीनेच कचेरीत जाऊन जन्म नोंदवला, बाप अमुक, आई तमुक. कारकून सुइणीच्या ओळखीचा, त्याने काही विचारलं नाही.

सासू तिला नावाने हाक मारत नसे. "पलीकडची" म्हणे. बंदराकडचे लोक कॉफीवर जगतात, आणि झुझानाच्या माहेरी कॉफी कुणी पाहिली नव्हती. "पलीकडचीने आज परत चिखल उकळला," असं सासू शेजारणींना सांगे आणि तीच कॉफी तीन कप पिई. झुझानाने ते मनावर घेतलं नाही. सासवा अशाच असतात, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं.

एकोणचाळीसच्या मार्चमध्ये जर्मनीने बंदर परत घेतलं आणि एका दिवसात झेंडे बदलले. नवीन कारकून आले, ते कागद वाचणारे होते. त्यांनी झुझानाच्या नावापुढे लिहिलं, "घरकाम करणारी, परदेशी." आन्सास म्हणाला, "लिहू दे. कागदाला काय भाकरी घालायची आहे?" चव्वेचाळीसच्या शरदात रशियन तोफा ऐकू येऊ लागल्या आणि बंदरातल्या नोकरांच्या कुटुंबांना जहाजावर चढवायची यादी लागली. यादीत आन्सास होता, ग्रेते होती, झुझाना नव्हती. आन्सास थांबला. ग्रेतेला त्यांनी सांगितलं, आम्ही पुढच्या जहाजाने येतो. ती सतरा वर्षांची होती, तिने विश्वास ठेवला. पुढचं जहाज आलं नाही.

ते दोघं झुझानाच्या माहेरी बटाट्यांच्या तळघरात राहिले. फेब्रुवारीत परत आले तेव्हा बंदरात माणूस दिसत नव्हतं. दुकानांना कुलपं होती आणि खिडक्यांना काचा नव्हत्या. मग गाड्या भरभरून नवीन लोक आले, रशियातल्या स्मोलेन्स्कचे, व्होल्गाकाठचे, लिथुआनियाच्या आतल्या खेड्यांतले. आन्सासला जहाजावर चढू देईनात, सीमेचं बंदर म्हणून. त्याला बोये, म्हणजे जहाजांना वाट दाखवणारे तरंगते पिंप, रंगवायचं काम मिळालं. तरी नवीन वाटाडे अडले की छपरीत येऊन त्यालाच विचारायचे, "म्हाताऱ्या, इथे गाळ कुठून सुरू होतो?" जुने वाटाडे देवळाचा मनोरा आणि वखारीचं धुराडं एका रेषेत धरून जहाज आत घेत. मनोरा पाडला होता. आन्सास बोट करायचा ते अजून तिकडेच, मोकळ्या आभाळाकडे. विचारणाऱ्याला काही दिसायचं नाही, पण तो मान डोलवायचा.

*

"मग? काय म्हणाली?" क्लावाने विचारलं.

क्लावा त्याच मजल्यावर समोरच्या खोलीत राहायची. स्मोलेन्स्ककडची, लढाईत विधवा झालेली. चार खोल्यांत मिळून एक स्वयंपाकघर, आणि त्यात ती सगळ्यात मोठ्या आवाजाची.

"तारीख चुकली म्हणते," झुझाना म्हणाली.

"त्या कागदावर माझी सही आहे. साक्षीदार म्हणून. मी जाऊन सांगते, साक्षीदार प्यालेली होती, धरू नका."

"प्यालेली होतीसच."

"मग खोटं कुठे बोलणार आहे? अर्धी बाटली मीच आणली होती. तुम्ही दोघं असे बसला होतात जसं कुणी मेलंय." तिने पातेल्यावर झाकण आपटलं. "पन्नाशीतला नवरदेव. आणि माझं नशीब बघ, अख्ख्या शहरात एकच लग्न लावलं, तेही नडलं."

"तुझा काय दोष."

"दोष नाही ग. पण हात माझा ना."

झुझानाने पाणी आधणाला ठेवलं. तिला क्लावाचं वाईट वाटत नव्हतं आणि स्वतःचंही. ती मासळीच्या कारखान्यात अकरा वर्षं हेरिंग साफ करत होती. हिवाळ्यात खाऱ्या पाण्यात हात असे होतात की सुरी बोटात शिरली तरी कळत नाही, पाणी लाल झालं की मग बाई हात वर काढून बघते. तिचं सगळंच आताशा तसं झालं होतं.

रविवारी ती माहेरच्या गावी गेली. पाद्री नवा होता, त्याने खांदे उडवले. देवळाचा जुना घंटावाला जिवंत होता. नव्वदीचा, चुलीपाशी बसलेला. त्याने तिला बापाच्या नावावरून ओळखलं.

"वह्या चाळीस साली रशियनांनी नेल्या, पोरी. गाडीत घालून. आपला जुना पाद्रीबाबा गाडीमागे चालत गेला वेशीपर्यंत. तिथे त्याला म्हणाले, आता परत जा."

"कुठे नेल्या?"

"ते गाडीवाल्याला ठाऊक. तुझं लग्न मला आठवतं. घंटा मी वाजवली. तुझ्या सासरची माणसं उजवीकडे बसली होती, टोप्या मांडीवर घेऊन, जशी काही गाडी सुटायची वाट बघताहेत."

"तू हे लिहून देशील?"

"देतो की. पण मला लिहिता येत नाही."

तिने शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलं, म्हाताऱ्याचा अंगठा घेतला आणि ते अर्जाला जोडलं. सरकारी दफ्तरखान्याला तिने विचारलं होतं, तिथूनही उत्तर आलं. त्या देवळाच्या चोवीस ते एकतीस या सालांच्या वह्या आपल्याकडे नाहीत, असं त्यात होतं. वह्या जळाल्या असं नव्हतं, हरवल्या असंही नव्हतं. आपल्याकडे नाहीत, एवढंच.

एप्रिलमध्ये निकाल लागला. खिडकीमागच्या बाईने दोन कागद दिले. आन्सासला परवानगी होती, पंचेचाळीस दिवसांत निघायचं. झुझानाच्या कागदावर लिहिलं होतं, "आधार नाही."

"अंगठा?" झुझानाने विचारलं.

"अंगठा लावलाय, मावशी. तो आहे फायलीत," बाई म्हणाली. मग तिने हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही एकोणचाळीसच्या आधी नगरकचेरीत का नाही गेलात? तेरा वर्षं होती की."

"जहाज आलं होतं," झुझाना म्हणाली.

*

घरी आल्यावर आन्सासने कोट काढला नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिला. झुझाना बटाटे सोलायला बसली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि क्लावा अंगणात चादरी झटकत होती.

"मी जात नाही," आन्सास म्हणाला.

"तुझं इथे काय अडलंय?"

"बोये."

"बोये कुणीही रंगवील."

"कुणीही रंगवतो म्हणून तर गळतात." झुझानाने सहा बटाटे सोलले. "झुझे, त्या दिवशी जहाज नव्हतं."

"कुठल्या दिवशी?"

"पुलावर. तू बहिणीचे बूट घातले होतेस."

झुझानाने सातवा बटाटा उचलला. "मग तू कुठे गेलास?"

"चौकीत. दाराआड उभा राहिलो. तू पूल उतरून जाईपर्यंत."

"का?"

"आई म्हणाली होती, तिकडच्या देवळात झालं ते तिकडेच राहू दे. आपल्या कचेरीच्या वहीत, आपल्या घराण्याच्या नावाखाली, पलीकडचीचं नाव नको. वाटाड्यांच्या घरात असं कधी झालं नाही म्हणाली."

"आणि तू काय म्हणालास?"

"काही नाही. म्हटलं, आई आहे तोवर राहू दे, मग करू."

"आई अडतीसला गेली. बटाटे काढायच्या वेळी."

"हो."

"मार्चपर्यंत सहा महिने होते."

"होते. रोज वाटायचं, उद्या जाऊ. पण बारा वर्षं एका घरात राहून, मुलगी शाळेत जाते, आणि आता कारकुनाला सांगायचं की आमचं लग्न झालेलं नाही. लाज वाटली."

झुझानाने बटाट्याचे चार तुकडे केले आणि पाण्यात टाकले. तिला वाटलं, आता काहीतरी होईल, तोंडातून शब्द निघेल. तिने वाट पाहिली. अंगणात क्लावा कुणाच्या तरी कोंबडीला शिव्या देत होती.

"चव्वेचाळीसला यादी लागली," झुझाना म्हणाली, "तेव्हा सांगायचं होतंस."

"तेव्हा थांबलो."

"थांबलास. मला वाटलं, माझ्यासाठी थांबलास."

"तुझ्यासाठीच थांबलो."

"बरं," ती म्हणाली. "मीठ दे."

त्याने मीठ दिलं.

दोन दिवस दोघं कामापुरतंच बोलले. तसे ते नेहमीही फार बोलत नसत, त्यामुळे क्लावालाही वेगळं काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी आन्सास कामावर निघाला तेव्हा झुझाना दारात उभी राहिली.

"तू जायचं," ती म्हणाली.

"तुला टाकून?"

"टाकून वगैरे काही नाही. ग्रेतेला वाटतं, आपण त्या दिवशी तिला खोटं सांगितलं आणि मागे राहिलो. का राहिलो, ते तिला माहीत नाही. मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं. ते तू तिला सांगायचंस. पत्रात नाही. समोर बसून."

"म्हातारे, ती मला दारात उभं करणार नाही."

"मग दाराबाहेर सांग."

"आणि तुला परवानगी मिळाली नाही तर?"

"नाही मिळाली तर नाही मिळाली. दोघांनी इथे बसून काय होणार? एकाला तरी तिचं तोंड दिसू दे." तिने त्याच्या कोटाचं बटण लावलं, वरचं, जे तो नेहमी विसरायचा. "मला तुझा राग आला असता तर बरं झालं असतं. येत नाही. तू जा."

तो जिना उतरून गेला. ती वरून बघत राहिली नाही. तिची कारखान्यातली पाळी सातला सुरू व्हायची.

*

मेच्या शेवटी तो निघाला. सामान एक पेटी आणि एक गाठोडं. क्लावा स्टेशनवर उकडलेली अंडी घेऊन आली, वर्तमानपत्रात बांधलेली.

"घे, कॉफीवाल्या. आता तिकडे खरी पीत बस. आम्ही इथे चिकोरी उकळतो."

"पाठवीन," आन्सास म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात. पाठवलीस तर तुझी लाथ मारायची चूक माफ."

"कुठली?"

"बावन्न साली. माझ्या मांजराला. विसरले नाही मी."

आन्सास हसला नाही, पण त्याने क्लावाचा हात हातात घेतला. मग तो झुझानासमोर उभा राहिला. दोघांना काय करावं सुचेना. लग्नात पाद्र्यापुढेही ते असेच उभे होते.

"बोलावून घेतो तुला," तो म्हणाला.

"आधी सांग तिला."

"सांगतो."

"आपल्या बोलीत लिही. ग्रेते जर्मनमध्ये लिहिते ते मला वाचता येत नाही."

गाडी सुटली. खिडकीत तो टोपी धरून उभा होता. झुझाना हात हलवायचा म्हणून हलवत राहिली. क्लावा रडली, झुझाना रडली नाही. परतताना तिने मीठ आणि काड्यापेटी घेतली, कारण दुकान वाटेवरच होतं.

जुलैत घरव्यवस्थेचा माणूस टेप घेऊन आला. अठरा चौरस मीटरची खोली एकट्या बाईला नियमात बसत नाही म्हणाला. कारखान्यातली एक बाई येणार होती, व्होलोग्दाकडची, चाळिशीची. झुझानाने एकटीने पलंग ओढून खिडकीपाशी नेला आणि भिंतीकडची जागा मोकळी केली.

आन्सासचं पत्र ऑगस्टमध्ये आलं. दीड पान, मोठ्या अक्षरांत, बंदराकडच्या बोलीत. झुझानाने ते पायरीवर बसून ओळीखाली बोट धरून वाचलं. प्रवासाचं होतं, छावणीत अकरा दिवस ठेवलं होतं त्याचं होतं. मग लिहिलं होतं:

"ग्रेतेला सांगितलं. मुलं शाळेत गेल्यावर, स्वयंपाकघरात. सगळं सांगितलं, पुलाचं, आईचं, यादीचं. ती भांडी घासत राहिली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, जेवण वाढायची. चौथ्या दिवशी म्हणाली, आईसाठी अर्ज मी करते. तुमची बायको म्हणून नाही, माझी आई म्हणून. माझ्या जन्माच्या दाखल्यावर तिचं नाव आहे, त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही. दाखला तिच्याजवळ आहे, जहाजावर चढताना तू तिच्या कोटात शिवला होतास तो. इथले लोक म्हणतात, दोन वर्षं लागतील, जास्तही लागतील. मी इथे काही करत नाही. बंदरावर जातो, बघतो, परत येतो."

क्लावा बादली घेऊन वर आली. "काय म्हणतो?"

"दोन वर्षं म्हणतो."

"दोन वर्षं म्हणजे काही नाही. एकसष्ट साल. तोवर माझे दात पडतील, एवढंच." ती पायरीवर टेकली. "तुला आनंद झाला का ग?"

झुझानाने विचार केला. तिने पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. "कळेल," ती म्हणाली. "आता नाही कळत."

"आणि त्याला माफ केलंस?"

"ते ग्रेतेने ठरवावं. तिचं जास्त गेलं."

संध्याकाळी व्होलोग्दाची बाई आली, एक लाकडी पेटी आणि एक उशी घेऊन. दारातच थबकून तिने विचारलं, "मी कुठे ठेवू?" झुझानाने तिला भिंतीकडची बाजू दाखवली, खुंटी दाखवली, चुलीचं कुठलं तोंड नीट पेटत नाही ते दाखवलं. मग सांगितलं, जिना धुवायची पाळी मंगळवारी आपल्या खोलीची असते, आणि आज मंगळवार आहे, तेव्हा बादली क्लावाकडून आणावी लागेल.